बंद पडेल असं इंजिन हवं

छोट्या आता काही छोटा राहिला नव्हता. कानशिलांवरचे केस पांढरे झाले होते, गाडीखालून उठताना कशाला तरी धरावं लागत होतं आणि गॅरेजमध्ये येणारीजाणारी माणसं त्याला 'मिस्त्री' म्हणत. पण थोरली बहीण दारात उभी राहून "छोट्या!" अशी ओरडली की मिस्त्रीपण गेलंच म्हणून समजा. समोर गिऱ्हाईक असो नाहीतर विमा कंपनीचा साहेब, ताईला त्याचं सोयरसुतक नसे. छोट्यालाही खरं तर त्यात वाईट वाटत नसे. आपल्याला छोट्या म्हणणारं एक माणूस जगात आहे, याचं त्याला आतून बरंच वाटायचं.

त्या सकाळी ताई हाक मारत आली ती पायी. छोट्याच्या हातातला पाना हातातच राहिला. ताई आणि पायी! ताई आणि तिची ती क्रीम रंगाची जुनी सेडान वेगवेगळ्या कोणी पाहिल्याच नव्हत्या. टपावर 'शिकाऊ' अशी पिवळी पाटी, स्टिअरिंगला घट्ट धरून घामाघूम झालेलं कोणीतरी आणि शेजारी शांत बसलेली ताई, हे दृश्य शहरातल्या प्रत्येक चौकाच्या ओळखीचं होतं. अर्ध्या शहराला ताईने गाडी शिकवली होती. सगळे तिला 'बाई' म्हणत. बँकेतला रोखपाल, पावाच्या भट्टीचा मालक, शाळेतल्या मुख्याध्यापिका, बाई रस्त्यात दिसल्या की सगळ्यांचा वेग आपोआप कमी व्हायचा.

"इंजिन गेलं," ताई म्हणाली आणि बाकावर बसून डावा गुडघा चोळायला लागली. "भसकन वाफ आली, मग कडाड असा आवाज, आणि संपलं."

छोट्याने गाडी ओढून आणली, इंजिन उघडलं आणि कपाळाला हात लावला. ब्लॉकलाच तडा गेला होता. तापमानाचा काटा लाल रेघेपाशी गेला तेव्हा शिकणाऱ्याचं लक्ष काट्याकडे नव्हतं आणि बाईंचं लक्ष शिकणाऱ्याकडे होतं. एरवी ताईच्या नजरेतून मुंगी सुटत नसे, पण तो विद्यार्थी थेट फळांच्या गाडीवर निघाला होता, त्यामुळे तिला तरी काय बोलणार?

"दुरुस्त होईल?"

"नाही. दुसरं बसवावं लागेल."

"नवं?"

छोट्या नुसता हसला. तिच्याजवळ जे काही होतं त्यात नवं इंजिन सोडाच, नव्या इंजिनाची पेटीही आली नसती. मोठ्या चौकातल्या ड्रायव्हिंग स्कूलने तिला मागेच विचारून ठेवलं होतं. तिथे सगळ्या गाड्या नव्या आणि गिअर आपोआप बदलणाऱ्या. बाईंनी तिथे काउंटरवर बसायचं, लोकांचे अर्ज घ्यायचे, पंख्याखाली बसायचं, गुडघ्याला आराम द्यायचा. ताईने ते ऐकलं होतं तेव्हा कोणीतरी तिला पेन्शनीत काढत असल्यासारखं तोंड केलं होतं. आता गाडी उभी राहिली तर ते काउंटर तिची वाटच पाहत होतं. छोट्याला ते अगदी डोळ्यांसमोर दिसलं आणि त्याचा जीव कासावीस झाला.

"ताई, उद्या भंगारात जाऊ. तुझी गाडी मी पळती करतो. माझ्या मजुरीचं नाव तू काढायचं नाहीस, काढलंस तर बघ."

"काढतेय कोण? तुला लहानपणी अंघोळी घातल्या त्याची मजुरी दिलीस का मला?"

भंगाराचं आवार गावाबाहेर होतं. मालकाला सगळे काटेवाले काका म्हणत, कारण त्यांच्याकडे प्रत्येक गोष्ट वजनकाट्यावर चढायची. माणूस फाटकातून आत आला तरी काका आधी डोळ्यांनी त्याचं वजन करून घेत. त्यांनी छोट्याला तीन इंजिनं दाखवली.

पहिलं ताईच्याच गाडीच्या कुळातलं, छोटं पेट्रोल इंजिन. बसवायला सोपं, पण जीवाने अगदीच बेताचं. क्लच जरा लवकर सुटला की खोकून बंद पडणारं. दुसरं नंतरच्या मॉडेलमधलं, दमदार, पण त्याच्यासोबत संगणक आणि वायरींचं एवढं जंजाळ की छोट्याने बघूनच हात जोडले. तिसरं एका डिझेल व्हॅनमधलं. व्हॅनच्या मागच्या अंगावर झाड पडलं होतं. मागून तिचा टप चेपलेला, पण चाकं शाबूत आणि पुढून ठणठणीत, चालू.

छोट्या तिसऱ्यापाशी घुटमळला आणि त्याच्या डोळ्यांत ती चमक आली, जी ताईला तो पाच-सहा वर्षांचा असल्यापासून माहीत होती. अशी चमक आली की घरातलं एखादं घड्याळ उघडलं जायचं.

"ताई, हे जड आहे. पुढच्या स्प्रिंगा बदलाव्या लागतील, इंजिन ज्यांवर बसतं ते पाये कापून नवे करावे लागतील. महिनाभराचं काम आहे. पण ह्याच्यासारखं इंजिन तुझ्या कामाला दुसरं नाही. क्लच कसाही सोड, ॲक्सिलरेटर देऊ नको, तरी गाडी पुढे सरकणार. बंद पडायचं नावच घेत नाही."

"बंद पडत नाही?"

"पाडून दाखव."

ताई व्हॅनमध्ये चढली. पहिला गिअर टाकून तिने क्लचवरून पाय असा काही झटक्यात काढला की छोट्याने डोळेच मिटले. व्हॅन एकदा थरथरली आणि निघाली चालायला. मग ताईने दुसऱ्या गिअरमध्ये सुरुवात केली. मग ॲक्सिलरेटर न देता पत्र्यांच्या ढिगाशेजारचा चढ चढवला. ज्या ज्या गोष्टींसाठी तिने आयुष्यभर लोकांना फैलावर घेतलं होतं, त्या सगळ्या तिने दहा मिनिटांत करून पाहिल्या. काटेवाले काका वजन करायचं विसरून बघत राहिले.

"नाही रे पडत!" खिडकीतून डोकं काढून ताई ओरडली, आणि लहान मुलीसारखी हसली.

छोट्याला हेच तर हवं होतं. कारण त्याला इंजिनाचं जेवढं पडलं होतं त्याहून जास्त ताईच्या गुडघ्याचं पडलं होतं. शिकवायच्या गाडीत शिक्षकाच्या पायाशीही दोन पेडलं असतात, एक ब्रेक आणि एक क्लच. शिकणारा गोंधळला, गाडी गचके खायला लागली, आता बंद पडणार, की ताईचा डावा पाय आपला क्लच दाबायचा आणि गाडी वाचायची. दर चौकात, दर सिग्नलला, दर चढाला. इतकी वर्षं. डॉक्टरांनी गुडघ्याचा फोटो उजेडासमोर धरून मान हलवली होती. म्हणाले होते, बाई, हा पाय तुम्ही दुसऱ्यांसाठी झिजवलात. ताई ते वाक्य हसत हसत सगळ्यांना सांगायची, आणि छोट्याला ते ऐकवत नसे.

तर मग डिझेल ठरलं. त्या महिन्यात छोट्याने दुसऱ्या कामाला हात लावला म्हणाल तर शपथ. पाये कापले, नवे जोडले, रेडिएटर पुढे सरकवला, इंजिनाची थरथर सीटपर्यंत पोचू नये म्हणून जाड रबराच्या गाद्या स्वतः कापून बसवल्या. नोंदणी कचेरीत दोघांनी हेलपाटे घालून नवं इंजिन कागदावर चढवून घेतलं. ताई रोज येऊन बाकावर बसायची आणि काही न कळता "वा!" म्हणायची. गाडी सुरू झाली तेव्हा छोट्याची छाती अशी फुगली की शर्टाची बटणं थोडक्यात वाचली.

आणि काय सांगावं, गाडीने कमालच केली! शिकणारे येत, क्लच आपटत, गाडी आपली गुमान निघे. चौकातले हॉर्न थांबले. रडकुंडीला येणारी माणसं शिट्टी वाजवत घरी जायला लागली. ताईचा डावा पाय दिवसभर नुसता ठेवलेला. ती जिने चढायला लागली. एकदा तर ती गॅरेजच्या पायरीवरून उडी मारून उतरली आणि छोट्याकडे बघून भुवया उडवल्या. त्याला वाटलं, आपण आयुष्यात हे एक काम बरं केलं.

त्याच दिवसांत एक नर्स ताईकडे शिकत होती. चाळिशी ओलांडलेली, हळू बोलणारी, रस्ता ओलांडतानाही आधी दोनदा मागे सरणारी. दवाखान्याने घरोघरी जाऊन रुग्ण बघायचं नवं काम काढलं होतं. म्हाताऱ्या, अंथरुणाला खिळलेल्या लोकांच्या जखमा धुवायच्या, सुया द्यायच्या. गाडी दवाखान्याची, पण चालवायची आपली आपण. ज्याला गाडी येईल त्याला ते काम. नर्सला ते काम मनापासून हवं होतं. वॉर्डात रात्रपाळ्या करून ती थकली होती, आणि घरी आई एकटी होती. बाईंकडे ती भराभर शिकली. परीक्षेत पहिल्या फटक्यात पास झाली आणि ताईच्या गळ्यात पडून रडली.

नंतरच्या आठवड्यात ती गॅरेजमध्ये आली. ताई तेव्हा छोट्यासोबत चहा पीत बसली होती. नर्सच्या हातात गाडीची किल्ली होती आणि गाडी कुठेच नव्हती.

"पुलाच्या चढावर सोडून आले," ती म्हणाली. "बंद पडली. चालू केली, परत बंद. परत चालू केली, परत बंद. मागे येत होती. लोक खाली उतरून ओरडत होते. एकाने बाजूला लावून दिली." मग तिने ताईकडे बघितलं. तिच्या बोलण्यात राग नव्हता, हेच वाईट होतं. "बाई, मला गाडी येत नाही. तुम्ही म्हणालात येते, म्हणून मला वाटलं येते."

ताईने कप खाली ठेवला.

"चल," ती म्हणाली.

तिघं पुलापाशी गेली. दवाखान्याची गाडी साधीच होती, पेट्रोलवरची, छोटी. नर्स स्टिअरिंगवर, ताई शेजारी, छोट्या मागे. नर्सने क्लच सोडला तो बाईंच्या गाडीत सोडायची तसा, एकदम. गाडीने गचका खाल्ला आणि बंद पडली, आणि मागे सरकायला लागली. ताईचा डावा पाय खाडकन पुढे गेला आणि मोकळ्या गालिच्यावर आपटला. तिथे पेडल नव्हतंच. छोट्याने मागून झेप घेऊन हँडब्रेक ओढला. मागच्या ट्रकवाल्याने हॉर्नवर हात ठेवला तो काढेचना. नर्सने दोन्ही हात तोंडावर घेतले होते.

छोट्याने ती गाडी खाली आणून उभ्या उभ्या तपासली. प्लग पाहिले, क्लचची तार पाहिली. गाडीत काहीतरी खोट निघावी म्हणून तो मनातून धावा करत होता. खोट नव्हती. जगातल्या बहुतेक गाड्या असतात तशीच ती होती.

नर्सला दवाखान्याने महिनाअखेरपर्यंतची मुदत दिली. तोवर दुसरी एक नर्स तिच्या जागी जाणार, आणि त्या नर्सला गाडी चांगली येत होती.

ताई दोन दिवस गॅरेजकडे फिरकली नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी आली आणि गिऱ्हाईक नसल्याचं बघून म्हणाली, "छोट्या, तुझं इंजिन फार चांगलं आहे रे."

"मग?"

"काढून टाक."

छोट्याच्या अंगाचा तिळपापड झाला. एक महिना! ते पाये, त्या रबराच्या गाद्या! "डोकं फिरलंय का तुझं? एका घाबरट बाईला चढ जमला नाही म्हणून? तिला चार दिवस दुसऱ्या गाडीवर फिरव, येईल तिला. इंजिनाचा काय दोष?"

"इंजिनाचा नाहीच दोष."

"मग गुडघा परत सुजवून घ्यायचाय का? हौस आहे?"

"ओरडून झालं? आता ऐक. मी दोन दिवस फोन करत होते. जुन्या विद्यार्थ्यांना. ह्या इंजिनाच्या आधीच्या, बरं का. सगळ्यांना एकच विचारलं, माझ्याकडून गेल्यावर तुमची गाडी बंद पडायची का, खरं सांगा."

"आणि?"

ताईने बोटांवर मोजायला सुरुवात केली. "रोखपाल म्हणाला, सहा महिने चढ टाळून लांबून जायचो. मुख्याध्यापिका म्हणाल्या, मिस्टर शेजारी बसल्याशिवाय वर्षभर गाडी काढली नाही. आणि तो पावाच्या भट्टीवाला आहे ना, तो काय म्हणाला माहितीये? म्हणाला, बाई, रागावू नका, लायसन्स मिळालं तुमच्याकडे, पण गाडी शिकलो मेव्हण्याकडे."

छोट्याला हसू आलं आणि लगेच गेलंही. ताई हसत नव्हती. तिचा चेहरा लालबुंद झाला होता.

"जुन्या इंजिनाच्या वेळचे आहेत हे सगळे. तुझं डिझेल तेव्हा कुठे होतं? मग त्यांना कोणी शिकू दिलं नाही? ह्याने." तिने आपल्या डाव्या मांडीवर थाप मारली. "त्यांची गाडी बंद पडायला लागली की हा मध्ये पडायचा. त्यांना वाटायचं आपणच चालवतोय. मलाही वाटायचं, मी शिकवतेय. तू बसवलंस ते इंजिन माझ्या पायाचंच काम करत होतं, छोट्या, फक्त जास्त चांगलं."

छोट्याने ताईला उर्मट गिऱ्हाइकाशी भांडताना पाहिलं होतं, पोलिसाला गप्प करताना पाहिलं होतं. पण ह्या वयात, सगळं शहर डोक्यावर घेत असताना, आपणहून एकेकाला फोन लावून 'माझं कुठे चुकलं' असं विचारायला काय लागतं, ते त्याला तिथेच त्या बाकासमोर कळलं. आपल्या हातून एक गिअरबॉक्स बिघडला होता त्याचा मालक समोरून आला तर आपण गल्ली बदलतो, हेही त्याला आठवलं. अशी बहीण आपल्याला मिळाली कशी, असंच त्याच्या मनात आलं.

"कोणतं बसवू?" त्याने विचारलं.

"ते पहिलं. खोकणारं. बंद पडेल असं इंजिन हवं मला. चूक केली की तिथल्या तिथे सांगणारं." मग ती दाराकडे बघत म्हणाली, "आणि माझ्या बाजूचा क्लच काढ."

"क्लच?"

"ब्रेक राहू दे, कोणाच्या अंगावर जायला नको. क्लच काढ. पेडल समोर असलं तर माझा पाय ऐकायचा नाही. मी ओळखते त्याला."

काटेवाले काकांनी डिझेल आनंदाने परत घेतलं. विकल्यापासून त्यांना चुटपुट लागलीच होती, एक भाजीवाला त्यासाठी रोज फेऱ्या मारत होता. अदलाबदल झाली. काकांनी दोन्ही इंजिनं काट्यावर घातली, फरकाच्या बदल्यात एक बरी बॅटरी दिली आणि वर "बाई, माणसं हलक्याकडून भारीकडे जातात, तुम्ही उलट्या" असं म्हणून घेतलं. ताई म्हणाली, "काका, तुम्हाला गाडी येते का?" काका बॅटरी गाडीत ठेवायला निघाले.

छोट्याने स्वतः केलेले पाये स्वतः कापले. पहिल्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही, खोटं कशाला सांगा. पण छोटं इंजिन बसत गेलं तसं त्याचं मन त्यातही रमलं. म्हातारं असलं तरी त्याने ते स्वच्छ धुवून, व्हॉल्व्ह घासून, असं जुळवलं की चुकलं तर नक्की बंद पडेल, आणि बरोबर केलं तर लोण्यासारखं निघेल. असं जुळवणं हे न पडणाऱ्या इंजिनापेक्षा कितीतरी अवघड होतं. शेवटी तो ताईच्या बाजूला खाली वाकला, क्लचचा दांडा सोडवला आणि पेडल काढून हातात घेतलं. वरचं रबर तिच्या पायाने इतकं झिजलं होतं की आतलं लोखंड दिसत होतं. त्याने ते ताईला दाखवलं नाही.

डिझेलवर पास झालेल्या सगळ्यांना ताईने परत बोलावलं, फुकट. काही आले, काही रुसले. दोघांनी तर बाईंची शाळा बुडत चालली असं चौकात सांगितलं. पुन्हा चौकाचौकात हॉर्न वाजायला लागले, पुन्हा माणसं रडकुंडीला आली. पूर्वी गाडी वाचायची, आता वाचत नव्हती. मोठ्या ड्रायव्हिंग स्कूलचा माणूस एकदा सिग्नलला शेजारी थांबून, "बाई, काउंटर अजून रिकामं आहे" असं म्हणाला. तोवर बाईंची गाडी तिसऱ्यांदा बंद पडली होती. ताईने काच वर घेतली.

नर्स रोज येत होती. ताई तिला रिकाम्या मैदानात न्यायची आणि म्हणायची, "पाड बंद." मुद्दाम पाडायची, पुन्हा पुन्हा. आवाज कुठे बदलतो, पुढचं तोंड कुठे जरा उचलतं, पायाच्या तळव्याला काय लागतं. आधी नर्सला प्रत्येक वेळी धसका बसायचा. मग बसेना. मग एकदा बंद पडल्यावर ती "हां, इथे" असं स्वतःशीच म्हणाली, आणि मागे बसलेल्या छोट्याने ताईच्या मानेवरून ओळखलं की ताई खूश आहे.

पुलाचा चढ मात्र नर्सने टाळला. आज नको, उद्या बघू, असं करत मुदत संपत आली. शेवटल्या शुक्रवारी ताईने काही न बोलता तिला पुलाखाली आणलं. छोट्याही होता. दुपारची गर्दीची वेळ होती. नर्सने चढाच्या तोंडाशी गाडी बाजूला घेतली आणि हँडब्रेक ओढला.

"बाई," ती म्हणाली, "तुम्ही शेजारी असलात की मला वाटतं तुम्ही सांभाळाल. आता तुमच्याकडे क्लच नाही हे मला माहीत आहे, तरी वाटतंच. तुम्ही उतरा."

ताई तिच्याकडे बघतच राहिली. कधी कोणा विद्यार्थ्याने बाईंना गाडीतून उतरवलं नव्हतं. छोट्याला वाटलं, आता ताई काहीतरी खमकं बोलणार. पण ताईने पट्टा सोडला, दार उघडलं आणि हळूच उतरली. छोट्याही मागून उतरला. दोघं फुटपाथवर उभी राहिली.

गाडी निघाली. पहिला टप्पा चढली. मध्यावर पुढच्या बसने ब्रेक लावला, सगळी रांग थांबली आणि क्रीम रंगाची गाडी ऐन चढावर थांबली. तिच्यामागे एक ट्रक अगदी चिकटून उभा राहिला. रांग हलली. गाडीने गचका खाल्ला. बंद पडली. इंचभर मागे आली आणि मागचे ब्रेकचे लाल दिवे लागले.

ट्रकचा हॉर्न सुरू झाला. छोट्याचे पाय आपोआप पळायला निघाले, आणि तेवढ्यात ताईने त्याला कॉलरला धरून मागे ओढलं.

"थांब," ती म्हणाली. "पडू दे बंद. तिची चूक आहे ती."

खाली ताईचा डावा पाय फुटपाथच्या फरशीवर घट्ट दाबला गेला होता. छोट्याने ते पाहिलं. हॉर्न चालूच होता. गाडी पुन्हा सुरू झाल्याचा आवाज इथवर येणं शक्य नव्हतं, पण छोट्याला तो आलाच, कारण ते इंजिन त्याने जुळवलं होतं. गाडीचं तोंड जरासं उचललं. लाल दिवे विझले. एक क्षण ती ना पुढे ना मागे अशी राहिली, आणि मग चढायला लागली, घाई न करता, सरळ, बसच्या मागोमाग. माथ्यावर टपावरची पिवळी पाटी थोडा वेळ दिसली आणि पलीकडे उतरली.

"गेली रे छोट्या," ताई म्हणाली. "आपली आपण गेली."

ती रडत होती आणि तिला ते पुसायचंही भान नव्हतं. रस्त्यावरची माणसं वळून बघत होती. छोट्या तसाच उभा राहिला, कारण ताईने त्याची कॉलर अजून सोडली नव्हती.